अनिताबाईंनी काढून ठेवलेलं चित्र

निडी गावच्या अक्साला जपानी ताट तोंडपाठ होतं. तेइशोकु म्हणजे भात, वाटीभर सूप, लोणचं आणि मधोमध मानाचा पदार्थ. पेणला अनिताबाई जपानीच्या वर्गात एकेक चित्र दाखवून नावं घोकून घेत, आणि घरी त्याच ताटाचा प्रयोग रंगे. आई बतूल कमरेला ओढणी खोचून वेटर व्हायची.

"काय आणू गो बाय? लवकर बोल, मागं गिऱ्हाईक खोळंबलंय."

अक्सा ऐटीत जपानीतून मागवायची. बतूल तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण पुढ्यात आदळायची. "आज तुमच्या जपानात एवढंच हाय!"

दोघी हसायच्या. पण जपानमधल्या हॉटेलात नोकरी लागली तर ठीक, नाहीतर ईदनंतर कतारवाल्या अदनानशी निकाह. नासिरमामूने तसं ठरवूनच टाकलं होतं.

मुलाखत मुंबईत झाली. जपानी साहेबांनी मेनू पुढे केला. "तुम्ही स्वतः जेवाल ते मागवा."

अक्साने लवून, खणखणीत आवाजात शोगायाकी तेइशोकु मागवलं. शोगा म्हणजे आलं, याकी म्हणजे भाजलेलं. मेनूवरच्या चित्रातलं मांस तिला कोंबडीचं वाटलं.

"छान. आणि काय खात नाही?"

जे खात नाही त्याचा जपानी शब्द तिला येत नव्हता. कधी शिकलीच नव्हती. "पोर्क," ती म्हणाली.

साहेबांनी मेनू मिटला. मग हळूच म्हणाले, "आत्ता तेच मागवलंत. स्वतःच्या ताटात काय आहे हे जिला कळत नाही, ती गिऱ्हाइकाला काय सांगणार?"

परतताना ती पेणला उतरली. अनिताबाईंनी सगळं ऐकलं आणि खणातून एक चित्र काढलं. गुलाबी डुक्कर, खाली लिहिलेलं 'बुता'.

"तू नसताना दाखवायचे गो बाकीच्यांना. तुला कसंसं वाटू नये म्हणून."

"सगळ्यांत जास्त मलाच पायजे होतं ना ते, बाई? एकदा विचारायचं तरी."

बाईंचे डोळे भरले. "मी चांगल्या मनानेच केलं."

"व्हय. मामूपण चांगल्या मनानेच करतोय."

घरी बतूल दारातच उभी, ओढणी कमरेला खोचलेली. "काय आणू गो बाय?"

"जे हाय ते आण," अक्सा मराठीतच म्हणाली.

बतूलने खोचलेली ओढणी सोडली आणि चुलीकडे वळली.