जाळ पेटलाच आहे तर

मामी पुस्तकाशी भांडायच्या. मनातल्या मनात नव्हे; मोठ्याने, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून आणि पान पंजाने दाबून धरून. पहिल्यांदा जिन्यात त्यांचा आवाज ऐकला तेव्हा मला वाटलं, घरात कामवालीला बोलणी बसतायत. आत डोकावले तर मामी एकट्याच, आणि बोलणी बसत होती एका इंग्रजी कादंबरीतल्या पंधरा वर्षांच्या मुलीला. "नारळाच्या झाडाखाली बसून उपाशी मरते बघ ही!" मामींनी मलाच जाब विचारला. "आईने काही म्हणजे काही शिकवलं नाही?"

ती कादंबरी माझ्याही पिशवीत होती. चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये आमच्या गल्लीत भाड्याने पुस्तकं देणारं एक छोटं ग्रंथालय होतं. त्याच्या मालकांनी त्या वर्षी टूम काढली, की वाचकांच्या जोड्या लावायच्या, जोडीने एकच पुस्तक वाचायचं, घरी चर्चा करायची आणि मग एका रविवारी सगळ्यांसमोर बोलायचं. दोन-दोन प्रती त्यांच्याकडे फक्त शाळकरी मुलांच्या पुस्तकांच्या होत्या. त्यामुळे सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारी मी आणि टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या मामी, अशा दोन थोराड बायांच्या वाट्याला होडी फुटून ओसाड बेटावर अडकलेली ही मुलगी आली. आमची जोडी का लावली? तर म्हणे, दोघी मराठी!

तशा होतो. फक्त मामींचे पूर्वज कधीकाळी तंजावरला गेले ते तिथलेच झाले, आणि मामींनी महाराष्ट्र डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, सूर तमिळ, शब्दही निम्मे तमिळ. ते जसंच्या तसं लिहिणं माझ्याच्याने होणार नाही, म्हणून इथे त्या माझ्या मराठीत बोलतायत. त्यांनी ऐकलं असतं तर नाक मुरडलं असतं. "तुमचं मराठी फार घाईचं," त्या म्हणायच्या. "बस सुटत असल्यासारखं बोलता." मी साताऱ्याची, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल! उपयोग शून्य. महाराष्ट्र म्हणजे पुणे, तेव्हा मी 'पुणेकरीण'. आणि त्या सगळ्या गल्लीच्या मामी, तेव्हा माझ्याही मामीच.

मला चेन्नईत वर्ष होत आलं होतं, पण मी तिथे राहत नव्हते, नुसती मुक्कामाला होते. मामींच्या वरच्या मजल्यावर माझी भाड्याची खोली होती. त्यात एक गादी आणि एक बॅग. बॅग मी कधी पूर्ण रिकामी केलीच नाही. जेवण मेसमध्ये, तेही अर्धं टाकून. उकाड्याने जीव नकोसा व्हायचा, बसमध्ये कुणी काही बोललं तर अक्षर कळायचं नाही, आणि रविवारी घरी लावलेला फोन ठेवावासा वाटायचा नाही. शेवटी बाबांना सांगून टाकलं, दिवाळीला येते ती कायमची. साताऱ्यात एका कॉलेजात शिकवायचं काम मिळण्यासारखं होतं. हे मामींना मी पहिल्याच भेटीत सांगितलं. त्यांनी राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "पुस्तक संपेपर्यंत आहेस ना?"

दर शनिवारी दुपारी आम्ही चर्चेला बसायचो. कादंबरीतल्या मुलीचं नाव मामींनी कधी घेतलं नाही. त्या तिला 'पोण्णु' म्हणायच्या. पोण्णु म्हणजे तमिळमध्ये मुलगी, पोरगी. पोण्णुची उपासमार त्यांना वाचवत नसे. तिने कच्चे शिंपले खाल्ले त्या दिवशी मामी उठल्या, तोंड धुऊन आल्या, आणि मग त्यांनी मला बेट कसं चालवायचं ते ऐकवलं. समुद्र आहे म्हणजे मीठ आहे. ऊन आहे म्हणजे वाळवण आहे. नारळ आहे म्हणजे तेल, दूध, दोरी, झाडू सगळं आहे. "चिंच नाही हे खरं," त्या जरा विचारात पडल्या. "पण कैरी असेल. शोधलीय कुठे तिने?" मी म्हटलं, मामी, तिथे वादळ येतंय, रानडुक्कर मागे लागलंय, तिला कैरी कुठून सुचेल! "म्हणूनच हाल होतायत तिचे," मामी म्हणाल्या.

पोण्णु उपाशी असली की मामी मला खायला घालायच्या. हा कुठला न्याय ते मी विचारलं नाही. एकदा त्यांनी वाटीत काहीतरी पांढरं, वर मोहरी-मिरचीची फोडणी दिलेलं आणून ठेवलं. "तुला नाही माहीत होणार, आमच्यात करतात. डांगर पच्चडी." मी एक घास घेतला आणि लगेच ओळखलं. उडदाच्या पिठाचं, दह्यातलं डांगर! माझी आजी साताऱ्यात करायची तेच. मी सांगितलं तेव्हा मामी चमच्यासकट थांबल्या. "पुण्यात पण करतात?" साताऱ्यात, मी म्हटलं. "तेच ते," मामी म्हणाल्या आणि खूश होऊन माझ्या वाटीत आणखी वाढलं.

मग तो रविवार आला. ग्रंथालयात सतरंजीवर शाळकरी मुलं बसली होती आणि प्रत्येक जोडी उठून आशा, धैर्य, जिद्द असले शब्द उच्चारून खाली बसत होती. आमची पाळी आली. मी तयारी केली होती, पण मामींनी मला तोंडच उघडू दिलं नाही. पदर खोचून त्या उभ्या राहिल्या आणि टायपिस्टच्या ठाशीव इंग्रजीत म्हणाल्या, "ही मुलगी रोज टेकडीवर जाळ पेटवते. जहाजाला दिसावा म्हणून. बरोबर आहे, पेटवावाच. पण जाळ पेटलाच आहे तर त्यावर भांडं का ठेवत नाही?"

मुलं खो खो हसली. एकाने विचारलं, "आंटी, बेटावर भांडं कुठलं?" मामींना तेच हवं होतं. "करवंटी आहे ना! आत पाणी असलं की लगेच नाही जळत, घरी करून बघ." मग हसू ओसरल्यावर त्या सावकाश म्हणाल्या, "जहाज यायचं तेव्हा येईल. पण निम्मं पुस्तक ही नुसती जहाजाकडे बघते. जिथे आहोत तिथे आधी चूल मांडायची. मग खुशाल बघ जहाज."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझे कान मात्र तापले. वर खोलीत उघडी पडलेली बॅग मला तिथे बसल्या जागी दिसत होती. बाई शाळकरी पोरांशी बोलत होती आणि मला ऐकवत होती, अगदी व्यवस्थित!

पुढच्या शनिवारी मीच म्हटलं, मामी, टी. नगरच्या बाजारात येता? विजेची शेगडी आणि थोडी भांडी घ्यायचीत. "अय्यो, एवढ्या गर्दीत?" म्हणत त्या माझ्याआधी खाली हजर. सणाच्या त्या रेटारेटीत छत्री आडवी धरून मामी पुढे आणि मी मागे. प्रत्येक पातेल्याला त्यांनी बोटाने टिचकी मारून कान लावला. परत येऊन मी वरण-भात केला आणि त्यांना जेवायला बोलावलं. चेन्नईतलं माझ्या हातचं ते पहिलं जेवण. मामींनी ताट स्वच्छ केलं आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." दिवाळीला मी साताऱ्याला गेले ती परतीचं तिकीट काढूनच. बाबा दोन दिवस बोलले नाहीत, पण मी परत आले.

मी राहिले आणि मामीच गेल्या. गुडघ्यांनी दगा दिला, मामा केव्हाच वारलेले, आणि एकुलता एक मुलगा नोकरीला होता तो नेमका पुण्यात. स्टेशनवर मी म्हटलं, आता तुम्ही खऱ्या पुणेकरीण. मामी हसल्या नाहीत. माझा हात त्यांनी गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

पुण्याहून त्या रोज फोन करायच्या, तासतासभर. कोपऱ्यावरच्या दुकानात ताजी कॉफी दळतात का अजून? आपल्या दारात कोलमची रांगोळी कोण काढतं? गुडघे बरे झाले की परत येते, खोली बघून ठेव. मुलाकडे स्वयंपाकाला बाई होती, मामींना कुणी काही करू देत नव्हतं, आणि तिथल्या लोकांना त्यांचं बोलणं कळत नव्हतं. एक दिवस मात्र मी मन घट्ट केलं आणि म्हटलं, "मामी, तुम्ही जहाजाकडे बघत बसलायत."

मला वाटलं, आता त्या दुखावणार. पण त्या हळूच म्हणाल्या, "पुस्तक तू नीट वाचलंस, पुणेकरीण," आणि फोन बंद झाला.

नंतर किती दिवस त्यांचा फोनच आला नाही. शेवटी धाकधूक वाटून मी लावला. मागे कुकरची शिट्टी, कढईचा खणखणाट, आणि कुणी बाई मराठीत विचारत होती, आजी, डांगरात मिरची किती? "मामी, मी बोलतेय!" मी ओरडले.

"नंतर कर गं," मामी म्हणाल्या. "फोडणी जळते."