दोघांनी केलेलं मृत्युपत्र

मी कोल्हारला लग्न करून आले तेव्हा पंचेचाळीशी ओलांडली होती. पहिला नवरा वारल्यावर बरीच वर्षं भावाच्या घरी काढली होती. हे बिजवर, पहिल्या बायकोच्या दोन मुली सासरी नांदत होत्या. माझ्या मनाला कुठे थारा मिळाला होता, तेवढ्यात यांना हृदयविकाराचा झटका आला.

दवाखान्यातून घरी आल्यावर हे म्हणाले, "घर तुझ्या नावावर करतो. माझ्या माघारी तुला कुनी बाहेर काढाया नको."

आम्ही वकिलाकडे गेलो. यांनी आणि पहिल्या बायकोनं मिळून केलेलं मृत्युपत्र वकिलांनी वाचलं. घर आणि शेत दोघांच्या नावावर होतं. जो मागे राहील त्यानं सगळं वापरायचं, त्याच्यानंतर ते मुलींना जायचं, आणि त्यात बदल करायचा नाही, असं दोघांनी कबूल केलं होतं.

"पहिल्या बाईंचा हिस्सा तुम्ही या कबुलीवर घेतलाय," वकील म्हणाले. "आता नवीन मृत्युपत्र केलंत, तरी मुली कोर्टात गेल्या तर टिकणं अवघड."

 त्या दिवसापासून हे दुपारी झोपले की छाती हलतेय ना, ते मी बघत राहायची. काळजी त्यांची की घराची, मलाच कळेना.

तरी यांनी हट्टानं घर माझ्या नावे लिहिलं. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. तेरावं झालं आणि मुलींनी दावा लावला. भावाला फोन केला, तर तो "बघू" एवढंच म्हणाला.

कोर्टाच्या व्हरांड्यात थोरली माझ्याजवळ येऊन बसली. "मावशी, तुमच्यावर राग न्हाई. पन आईनं अप्पांच्या शब्दावर सही केली हुती. उद्या तुमी घर भावाला दिलं तर?"

"मला घर नको गं," मी म्हणाले. "मरेपर्यंत डोक्यावर छप्पर पाहिजे."

  पुढच्या तारखेला तडजोड झाली. घर, शेत मुलींचं. मागच्या दोन खोल्यांत मी हयातभर राहायचं. कोर्टानं तसा हुकूम दिला.

गेल्या महिन्यात धाकटी एका माणसाला घेऊन घर मोजायला आली.

"नुसतं मोजतोय, मावशी. घाबरू नका."

मी चहा टाकला. मी माझ्या दोन खोल्यांच्या दारातच उभी राहिले; कप तिनंच उचलून नेले.