इटाव्याचं धुकं

शनिवार पेठेतल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात एक कारकून बसतात. कधी लोणावळ्याच्या पलीकडे गेलेले नाहीत, पण कानपूरच्या हायवेवरचा ढाबा न् ढाबा त्यांना पाठ आहे.

माझं मशीन सोमवारपर्यंत पोचलं नाही तर कानपूरचं गिऱ्हाईक ऑर्डर रद्द करणार होतं. मी रोज भांडायला जायचो. ते चहा बशीत ओतत सांगायचे, "अहो, गाडी इटाव्याला आहे. धुकं फार."

ड्रायव्हरचा मोबाईल नंबर मागितला, की "तिथे रेंज नाही."

शनिवारी पावतीवरच्याच नंबराची गाडी मला इथेच, शहराबाहेर मांजरीत उभी दिसली, आणखी मालाची वाट बघत. मी तणतणत येऊन सांगितलं. त्यांनी बशीवर फुंकर मारली.

"बरं झालं. म्हणजे धुक्यातून वाचली."

ऑर्डर गेली. पुढचं मशीनही मी त्यांच्याकडेच दिलं. बाकीचे खोटं बोलताना गावाचं नावसुद्धा सांगत नाहीत.