चौदावा खिसा

संजीवनीबाईंच्या गुडघ्यांनी त्यांच्या आधीच निवृत्ती घेतली होती. उरलेल्या बाईंना अजून एक महिना काढायचा होता. जानेफळहून जीपनं यायचं, फाट्यावर उतरून दीड किलोमीटर चालायचं आणि आरोग्य उपकेंद्राचं कुलूप उघडायचं, असं एकोणीस वर्षं चाललेलं. नर्सबाईंना सरकारनं खुर्ची एकच दिली होती, तीही डुगडुगती.

खुर्चीमागच्या भिंतीवर चौदा खिशांची कापडी पिशवी टांगलेली होती. गावात मूल जन्मलं की लसीकरणाचं कार्ड भरायचं. अर्धं फाडून आईला द्यायचं आणि उरलेलं अर्धं, पुढची लस ज्या महिन्यात असेल त्या महिन्याच्या खिशात ठेवायचं. महिन्यांचे खिसे बारा. तेराव्यात सगळ्या लसी झालेली मुलं. चौदाव्यात गाव सोडून गेलेली आणि वारलेलीसुद्धा, दोघांना मिळून एकच. ज्यानं कुणी ही पिशवी बेतली त्याला कापड वाचवायचं होतं की अक्कल, हे बाईंना कधी कळलं नाही. गावानं तर चौदाव्याला सरळ मेल्यांचा खिसाच करून टाकलं होतं.

दर एक तारखेला, लस राहून गेलेल्या मुलांची कार्डं बाई पुढच्या खिशात सरकवत. एक कार्ड असं नऊ वेळा सरकलं होतं. ते सत्यभामाबाईंच्या नातीचं, ईश्वरीचं. तिचा बाप तुळशीराम गेल्या जुलैत आईशी भांडून, बायको आणि सात महिन्यांची पोर घेऊन कामाच्या शोधात निघून गेला. कुठे, ते सांगितलं नाही. फोन बंद. पोरीची नवव्या महिन्याची गोवराची लस राहिली ती राहिलीच.

"मॅडम, कितीक दिवस सरकवान?" गावची आशा कार्यकर्ती मंजुश्री म्हणायची. मुलगी कामाची, सगळ्या नोंदी आता तीच मोबाइलवर करायची. "चौदाव्यात टाका अन् मोकळ्या व्हा नं."

आठ वर्षांपूर्वी बाई अशाच मोकळ्या झाल्या होत्या. गुलाबरावांचा मुलगा गाव सोडून गेला म्हणून नातवाचं कार्ड चौदाव्यात टाकलं, आणि दोन महिन्यांत ते बिऱ्हाड गावात परत आलं. चौदावा खिसा कुणी उघडून बघत नाही, बाईंनीही बघितला नाही. पोराला गोवर झाला आणि त्यात त्याचा उजवा डोळा गेला. आता तो शाळेत जाताना रोज दारातून "नमस्ते बाई" म्हणतो. त्या नमस्काराची बाईंना भीती वाटायची. तेव्हापासून आईला द्यायच्या प्रत्येक कार्डामागे त्या स्वतःचा फोन नंबर लिहीत आल्या होत्या.

सत्यभामाबाई दर एक तारखेला बीपीच्या गोळ्या न्यायला येत. वाचता येत नव्हतं, पण खिसे मोजता येत होते.

"कोनत्या खिशात हाय वं बाई?"

"जूनच्या, आजी."

"मंग ठीक हाय." एवढं ऐकून म्हातारी जायची.

बाईंना दमवत होतं ते हेच. महिन्याभरानं त्या जाणार, मग मोबाइलपुढे पिशवीही उतरणार. ईश्वरीचं कार्ड पुढे कोण सरकवणार? गावात तिचा माग ठेवणारा तेवढा एकच कागद होता.

एक जुलैला बाईंनी शेवटच्या वेळी कार्डं सरकवायला घेतली. सत्यभामाबाई गोळ्यांची पट्टी शेजारी ठेवून बाकावर बसल्या होत्या. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. अहवाल मागणारं कुणीतरी असेल म्हणून बाईंनी कंटाळून उचलला.

"सिस्टर, मी नाशिककडच्या एका उपकेंद्रातून बोलतेय. एक बाई आल्यात, त्यांच्या कार्डामागे तुमचा नंबर आहे. मुलगी ईश्वरी. हिची गोवराची लस झालीच नाही ना?"

"नाही झाली," बाईंनी हातातली कार्डं खाली ठेवली. "द्या. आत्ताच्या आत्ता द्या. फोन ठेवू नका."

थोड्या वेळानं पलीकडून रडण्याचा मोठा आवाज आला. लेकरांच्या त्या रडण्याला बाई एकोणीस वर्षांत पार विटल्या होत्या. आज त्यांनी फोन म्हातारीच्या कानाला लावला.

"रडून राह्यली!" सत्यभामाबाई हसायला लागल्या. "काय आवाज हाय पोरीचा! तुळशीराम हाय काय तिथी?"

तुळशीराम नव्हता. सून बोलली, तेही बाईंशीच. आम्ही आता इकडंच राहणार, नाव इथंच लावून घेतो, एवढं सांगून तिनं फोन ठेवला.

बाईंनी जूनच्या खिशातून कार्ड काढलं. त्याची जागा आता चौदाव्यात ठरलेली होती, पण हात पुढे जाईना.

"आजी, पोरगी चांगली आहे. पण ते लोक आता तिकडंच राहणार म्हणतात. हा खिसा गाव सोडून गेलेल्यांचा पण आहे बरं का. नुसता..."

"आना इकडं."

सत्यभामाबाईंनी कार्ड घेतलं. पहिल्या खिशापासून बोट लावत मोजलं आणि चौदाव्यात स्वतःच्या हातानं सारलं.

"जिती हाय, लय झालं," त्या म्हणाल्या. "पन माह्या घरून तं गेलीच नं वं बाई. मले एकच खिसा पुरते."

त्या पदर सावरून बाहेर पडल्या. दर महिन्याचा प्रश्न विचारायची आता गरज उरली नव्हती. गोळ्यांची पट्टी बाकावरच राहिली होती. संजीवनीबाईंनी ती उचलली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांच्या मागे निघाल्या.