लाईट घालवण्याआधी

सैन्यातून हवालदार मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. घरी बसवेना, म्हणून कामठी रोडवर छोटं गॅरेज टाकलं. रोज दोघंतिघं तरी येतात. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला असतो आणि मागणी एकच असते.

काल सावनेरचं एक गिऱ्हाईक आलं.

"तो लाईट तेवढा घालवून द्या ना भाऊ. उद्या बाबाले पारशिवनीले न्याचं आहे. गाडी तं मस्त चालून राहिली."

"आधी स्कॅनर लावून कोड वाचतो. बिघाड कुठं आहे ते त्यात कळतं."

"वाचून काय करता? बटन दाबा अन् मोकळे व्हा."

वाद घालायचा आता कंटाळा येतो. पण या एका बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

माझी शेवटची पोस्टिंग बर्फात होती. पहाटे इंजिनं तापवायची, दिवसा दुरुस्ती, संध्याकाळी रिपोर्ट. त्या आठवड्यात इन्स्पेक्शन होतं. फौजेत इन्स्पेक्शन म्हटलं की दगडांना चुना, टायरला काळं पॉलिश. सगळं चकाचक. डॅशबोर्डवर दिवा दिसणंही चालत नाही. इन्स्पेक्शन पार पडलं, शाबासकी मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वायरलेस आला. वरच्या पोस्टवर शिपाई प्रमोदच्या फुफ्फुसात पाणी भरलं होतं. प्रमोद भिवापूरचा. सुट्टीवरून येताना घरची मिरची आणायचा आणि लंगरच्या डाळीत अशी झोकायचा की पंजाबी जवानांच्या नाकातून पाणी यायचं. हवामान खराब, हेलिकॉप्टर नाही. अँब्युलन्सने त्याला खाली न्यायचं ठरलं. सोबत ड्रायव्हर, नर्सिंग असिस्टंट आणि मी.

वाटेत एक खिंड चढून मग उतरायचं होतं. तिच्या चढावर इंजिन बंद पडलं. मी वायरलेसवर बेसला गाठलं.

"रिपोर्ट लोकेशन, ओव्हर."

"खिंडीच्या खाली. गाडी बंद. रिकव्हरी गाडी पाठवा, ओव्हर."

"रस्ता बंद है. अपने से ठीक करो. ओव्हर."

मी स्कॅनर लावला. एकही कोड नव्हता. त्या थंडीत पहिला संशय डिझेल गोठल्याचा. फिल्टर उघडला, लाईन तापवली. इंजिन नुसतं फिरत होतं, पेट घेत नव्हतं. बोटं बधिर झाली. मागून प्रमोदचा आवाज आला, अर्धा श्वासातच अडकलेला.

"दादा, गाडी काहून थांबली गा?"

"काही नाही गा. आत्ता निघतो."

मग ड्रायव्हर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "उस्ताद, बत्ती जल रही थी. इन्स्पेक्शन के लिए बैटरी का तार निकाल के बुझा दी."

बॅटरी सुटली तेव्हा दिव्याबरोबर कोडही पुसला गेला होता. दोष मात्र जागेवरच होता, आणि तो कुठे आहे हे सांगणारं आता काही उरलं नव्हतं. त्याच्यावर ओरडायलाही माझ्यात जीव नव्हता. हुकूम होता, त्याने पाळला. मी एकेक तार हाताने चाचपत गेलो. ज्याच्या सिग्नलशिवाय इंजिन पेट घेत नाही, त्या क्रँक सेन्सरची तार ब्रॅकेटला घासून उघडी पडली होती. टेप गुंडाळली, बुटाच्या नाडीने बाजूला बांधली. इंजिन सुरू झालं. काम दहा मिनिटांचं होतं, शोधण्यात दीड तास गेला.

प्रमोद हॉस्पिटलच्या दारापर्यंत पोचला. आत नाही. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी यायला हवं होतं. ते वाक्य मी अजून गिळू शकलेलो नाही.

कालच्या गाडीत कोड सापडला. बॉनेटखाली उंदराने एका सेन्सरची तार कुरतडली होती. ती जोडली, गाडी चालवून पाहिली. मग स्कॅनरवर प्रश्न आला, कोड पुसायचा का? माझं बोट नेहमीसारखं बटनावर थबकलं.

"काहून थांबले भाऊ?" गिऱ्हाईक म्हणालं.

"काही नाही," मी म्हटलं आणि बटन दाबलं.

प्रमोदलाही मी हेच म्हणालो होतो.