बायनाबाईची पोट्टी अन् सरकारचा अहवाल

बायनाबाई म्हंजे देवरावची मोठी बहीन. आरमोरीकडच्या खेड्यातली, धान रोवनारी, मोहा वेचनारी. बोलनं लई तिखट. रोवन्यात कोनी मागं राह्यली का म्हने, "काऊन वो, चिखलात मुळं फुटले का तुले?" बाया हासत अन् हात चालवत.

नव्व्यान्नव साली तिचा नवरा लालसू तापानं गेला. मंग तिलेच छातीचा रोग निंगाला. गडचिरोलीच्या दवाखान्यात लई दिवस राहा लागन म्हनले. पोट्टी दिव्यानी तीन वर्साची, तिले ठेवाचं कुठी? एका संस्थेची बाई दवाखान्यात येत होती. ते मनली, आमच्या बालगृहात ठेवा. तिनं कागद काढला. देवराव चौथी शिकलेला, पन कागद इंग्रजीत. आपल्या इकडं लेकरं आश्रमशाळेत ठेवते, सुट्टी लागली का घरी आनते. देवरावले वाटलं हे बी तसंच. तो मनला, "आश्रमशाळेसारखंच हाय बाई, लाव आंगठा."

बायनाबाईनं लावला.

दहा महिन्यांनं ते बरी झाली. उन्हाळ्याची सुट्टी लागली तसे दोघं भाऊबहीन पोट्टीले घ्याले गेले. नवी फ्राक घेतली होती, जरा वाढत्या मापाची. हापिसातला मानूस मनला, "तुमची पोरगी परदेशात दत्तक गेली. तिले चांगले मायबाप भेटले."

बायनाबाईनं इचारलं, "मंग तिकडं सुट्टी कधी लागते?"

त्या मानसानं देवरावकडं पाह्यलं. देवराव भिंतीकडं पाहून राह्यला होता.

पुढचे सहा वर्सं दोघं फिरले. ठान्यात गेले, तहसीलात गेले. सगळीकडं एकच, आंगठा तुमचाच हाय बाई. देवरावले ते ऐकून घ्या लागे. बायनाबाईनं त्याले एक शब्द म्हनला नाई. म्हनली असती तं बरं झालं असतं.

दोन हजार सहाले कचेरीपुढं अर्ज टाइप करनारा नूर मोहम्मद भेटला. तो मनला, "लेकरू परदेशात देतानी सरकारचा तिकडच्या लोकाईसंगं करार असते. लेकरू कसं हाय याचा अहवाल त्याईनं धाडाचा असते. तो अहवाल माहितीच्या अधिकारात मागा."

"पोट्टीच मागू ना भाऊ."

"पोट्टी अर्जानं नाई भेटत बाई. पन सरकारनं कोनाच्या भरोशावर धाडली, ते सांगाच लागते त्याईले."

त्यानंच अर्ज टाइप करून देला. साल गेलं, मंग दोघाईले सुनावनीले बलावलं. सायब जवान होता, खुर्च्या देल्या, पानी देलं. मनला, "करारात जन्म देनाऱ्या आईले अहवाल द्याची अट नाई."

"सायब, सोयरीक जुळते तवा पोरीकडून कोनी बसते," बायनाबाई मनली. "तुमचा करार झाला तवा आमच्या पोट्टीकडून कोन बसलं होतं?"

"सरकार बसलं होतं."

"मंग सरकारनंच सांगावं, पोट्टी नांदून राह्यली का नाई."

सायबानं फाइल उघडली. कागद देता येत नाई मनला, पन वाचून दाखवलं. दोन अहवाल होते. शेवटचा दोन हजार एकचा. पोट्टी पाच वर्साची, तब्येत चांगली, शाळेत जाते, पोहनं शिकली. त्याच्यापुढं काईच नाई.

"मंग तुमी मागतला नाई का सायब?"

सायबानं दोन-चार पानं पलटवले. "मागतल्याचं पत्र याच्यात नाई."

भायेर आल्यावर बायनाबाई देवरावकडं पाहून हासली. "पोहते मने रे. आपल्या घरात तं गावच्या बोडीच्या पान्यात उतराले बी सगळे भेते." मंग लगेच नूर मोहम्मदपाशी बसली अन् दुसरा अर्ज टाइप करवला. दोन हजार एकपासून अहवाल काऊन आला नाई, तुमी काऊन मागतला नाई. आता मागा, अन् पोट्टी जिती हाय का तेवढं सांगा.

त्याचं उत्तर येन्याच्या आंधीच बायनाबाई गेली. दोन हजार आठची थंडी होती, जुना रोग उलटला. देवरावनं माती देली.

महिन्याभरानं तो कचेरीत गेला. बाबू मनला, "अर्जदार?"

"वारली."

"मंग फाइल बंद होते न् भाऊ."

"बाई वारली. पोट्टीचं तं कोनी सांगतलंच नाई अजून."

बाबूनं फाइल बांधून ठेवली. देवराव भायेर गेला, नूर मोहम्मदच्या बाकावर बसला. तोच अर्ज, आता देवरावच्या नावानं. नूर मोहम्मदनं इचारलं, नातं काय लिहू?

"मामा लिहा."

बाबूनं आवकचा शिक्का मारला. मनला, तीस दिवसांनं या.

"येतो," देवराव मनला.