साहेब आले की जाणारं नेट

"साहेब आले का नेट जाते, जी. साहेब गेले का येते."

शिपाई मनोहरभाऊंनी सांगितलेला बिघाड मी डायरीत जसाच्या तसा उतरवला. मी चंद्रपुरात कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं घेत असे, आणि यादी केल्याशिवाय स्क्रूड्रायव्हरला हात लावत नसे.

हे गडचिरोलीतलं एक सरकारी ऑफिस. मे महिना. ब्रॉडबँड नुकतंच आलेलं. राउटर, म्हणजे तारेतून आलेलं नेट हवेतून लॅपटॉपला पोचवणारा डबा, साहेबांच्या केबिनमधल्या कपाटावर. महाग वस्तू ना, साहेबांच्याच खोलीत हवी. लॅपटॉप मात्र बाहेर हॉलमध्ये, ऑपरेटर शाहीनच्या टेबलावर. मधली भिंत हातभर जाड. त्या भिंतीत एक खिडकी.

रोज पाचच्या आत नागपूरला रिपोर्ट मेल करायचा होता. त्या आठवड्यात तो तीनदा गेला नव्हता. दोष शाहीनचाच, असं साहेबांनी ठरवलं होतं. जिल्ह्याच्या पार टोकाला, सिरोंचाला तिच्या बदलीचा कागद सहीसाठी तयार होता.

"मी तिकडं गेली तर अम्मीले कोन पाहीन, मॅडम?" ती म्हणाली.

मी यादीप्रमाणे कामाला लागले. लॅपटॉपचं वाय-फाय चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम नव्याने टाकला. व्हायरस तपासला. राउटरचा चॅनल बदलला. रेडिओवर खरखर आली की आपण काटा सरकवतो, तसंच ते. नेट धावत होतं. साहेब मीटिंगला गेले होते, हॉलमध्ये छान गारवा होता, आणि मी बिल लिहायच्या बेतात होते.

साडेतीनला साहेबांची जीप वाजली. मनोहरभाऊंनी मला लगबगीनं उठवलं. "मॅडम, व्हरांड्यात चाय घ्या न जी, गरमागरम!"

बेचाळीस डिग्रीत गरमागरम चहा पिऊन परत आले, तर सिग्नल शून्य.

"पाह्यलं?" मनोहरभाऊ खुशीत होते. "साहेबाचा पायच तसा हाय."

"साहेब आल्यावर इथं काय बदलतं?"

"काईच नाई!" अख्खा हॉल एका सुरात म्हणाला.

इतकं एकमत सरकारी ऑफिसात मी तोवर पाहिलं नव्हतं. शिवाय हॉल भट्टीसारखा तापला होता. मी खाली पाहिलं. फरशीवर चाकांच्या दोन ओल्या रेघा होत्या, मनोहरभाऊंच्या स्टुलापासून थेट केबिनच्या खिडकीपर्यंत. खिडकीत साहेबांचा कूलर, मघाशी हॉलला गारवा देणारा तोच. पत्र्याचा, पाण्यानं भरलेला, ओल्या जाळ्यांचा. पत्रा आणि पाणी, दोन्ही सिग्नलचे वैरी.

शाहीनचा चेहरा उतरला. "सांगतलं तर सगळेच फसतेत. नाई सांगतलं तर मी."

चार वाजून गेले होते. मी केबिनमध्ये गेले. "साहेब, एक प्रयोग. कूलर दोन मिनिटं हलवू?"

"हलवा. पण कशाला?"

मनोहरभाऊंनी कूलर ढकलला. तो सुसाट गेला आणि स्वतःच्या जुन्या जागी, त्यांच्या स्टुलासमोर, बरोबर थांबला. सवयीनं त्यांनी प्लगही तिथेच लावला आणि कॉलर सैल केली.

साहेब दारात येऊन बघत होते. "तुम्हाला जागा बरी पाठ आहे हो, मनोहर!"

"फरशीला उतार आहे, साहेब," मी म्हणाले.

तेवढ्यात शाहीन ओरडली, "गेला! रिपोर्ट गेला!"

मी दोन उपाय लिहून दिले. एक, राउटर हॉलमध्ये आणा. दोन, कूलर हॉलमध्ये ठेवा. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"राउटर केबिनमध्येच राहील," ते ठामपणे म्हणाले. "महाग वस्तू आहे. कूलर न्या बाहेर."

मग त्यांनी घाम पुसला आणि बदलीचा कागद फाडला. उरलेला उन्हाळा ते राउटरखाली बसून फाइलनं वारा घेत होते, असं शाहीनकडून कळलं.

त्या दिवसापासून माझ्या यादीत पहिली ओळ नवी आहे: ऑफिसात चहाला बाहेर नेलं, तर कप घेऊन लगेच आत यावं.